भिंतीतलं बिऱ्हाड

आमच्या घरमालकीणबाईंनी आम्हांला खोल्या दाखवायच्या आधी भिंतीतलं एक भोक दाखवलं.

वसईजवळच्या गिरीजला त्यांची वाडी होती आणि वाडीत जुनं कौलारू घर. घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत असं कळलं, म्हणून मी आणि माझा नवरा चौकशीला गेलो होतो. आम्ही कऱ्हाडकडची माणसं. नवऱ्याची नोकरी मुंबईला, मला वसईतल्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळालेली. स्टेशनजवळ फ्लॅट बुक केला होता, त्याचा ताबा वर्षभरात मिळेल असं बिल्डर शपथेवर सांगत होता. पुढे पाच वर्षं लागली, पण ते त्या वेळी ठाऊक नव्हतं.

बाई साठीच्या पुढच्या. लाल लुगडं, कानात जड सोनं, पायात काही नाही. त्यांनी आमचं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीला बाहेरून वळसा घालून आम्हांला नेलं आणि कमरेएवढ्या उंचीवर बोट दाखवलं. दोन विटांच्या मधून मेणाची एक काळपट नळी बाहेर आली होती, पेन्सिलीएवढी जाड आणि बोटाच्या पेराएवढी लांब. तिच्यातून चिलटांसारखं काहीतरी आत-बाहेर करत होतं.

"माश्या हायत. मधाच्या," त्या म्हणाल्या. "चावत नाय. माझ्या लग्नाच्या आधीपासून राहतात. त्यांना जमत असेल तर तुम्ही राहा."

"त्यांना जमतंय की नाही, हे कळणार कसं?" माझ्या नवऱ्याने विचारलं. तो हिशेबतपासनीस आहे, त्याला नियम लेखी लागतात.

"भिंतीला खिळा मारायचा नाय. ह्या बाजूला धूर करायचा नाय. मुंग्यांची पावडर टाकायची नाय. एवढं केलं की जमतं."

मग त्यांनी खोल्या दाखवल्या. खोल्यांत ओल होती, मोरीचं दार लागत नव्हतं, पण त्याबद्दल बोलण्याची सोय राहिली नव्हती. आम्ही जागा घेतली. आधीपासून राहणाऱ्या बिऱ्हाडाने आम्हांला पसंत केलं, असं नवरा पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

आम्ही त्यांना मावशी म्हणायला लागलो. आमच्याशी त्या साधी मराठी बोलत आणि कोंबड्यांशी, शेजारणीशी, क्वचित देवाशी आपली घरची बोली. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला जाताना तेवढी पायात चप्पल असे. बाकी आठवडाभर त्या वाडीत. वाडी लहानच, केळी आणि नारळ, मध्ये मांडवावर कारली, पडवळ, शिराळी. आणि चारी बाजूंनी बांध.

हा बांध म्हणजे गिरीजमधला करमणुकीचा विषय होता. बाकीच्यांच्या वाड्या विंचरल्यासारख्या साफ. मावशींच्या बांधावर मात्र निर्गुडी, रानतुळस, अघाडा, तेरडा, टाकळा, रुई आणि ज्यांना मी आजन्म गवत म्हणत आले असं बरंच काही गर्दी करून उभं. कोपऱ्यात उंडीचं झाड. मुळा आणि कोथिंबीर पेरली की निम्मी काढायच्या, निम्मी फुलावर जाऊ द्यायच्या. शेजारचे म्हणत, मावशी गवताची शेती करतात. पण गणपतीच्या आदल्या दिवशी पत्रीसाठी सगळं गाव त्यांच्याच बांधावर यायचं, तेव्हा त्या खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेकाला सांगायच्या, "एका झाडाचं एक पान घ्या. फूल तोडायचं नाय." ख्रिश्चन बाई हिंदूंच्या पत्रीवर पहारा देते आहे, हे दृश्य मला आधी गमतीचं वाटलं. दुसऱ्या वर्षी मीही पहाऱ्याला बसले.

झाड पारखायची त्यांची एक पद्धत होती. चहाने भरलेला पितळी पेला घेऊन त्या झाडासमोर बसायच्या. पेला संपेपर्यंत त्या झाडाकडे माशी, भुंगा, फुलपाखरू, गेला बाजार मुंगी तरी आली पाहिजे. नाही आली तर ते झाड नापास. मी हौसेने डबल पाकळ्यांच्या जास्वंदीची कुंडी आणली होती, केवढं थोरलं फूल यायचं तिला. मावशी तिच्यासमोर पेलाभर चहा प्यायल्या, मग मला म्हणाल्या, "दुसरा आणू?" दुसऱ्या पेल्यालाही कुणी फिरकलं नाही. "बाय, हिला नुसते कपडे हायत. पोटात काय नाय." कुंडी मी शाळेत नेऊन मुख्याध्यापकांच्या टेबलाशी ठेवली. तिथे तिचं चांगलं चाललं.

एकदा निर्मळच्या जत्रेत मी त्यांच्याबरोबर होते. रोपवाल्याच्या दुकानात रंगीबेरंगी फुलांच्या कुंड्या मांडलेल्या. मावशींनी शेजारून चहा आणवला आणि कुंड्यांपाशी उकिडव्या बसल्या. रोपवाला थोडा वेळ थांबला, मग म्हणाला, "काय देऊ, मावशी?"

"काय नको. वाट बघते."

"कोणाची?"

"ते आले की तुला दिसतीलच."

पंधरा मिनिटं तो माणूस रस्त्याकडे बघत होता. चहा संपला, मावशी उठल्या, लुगडं झटकलं आणि त्याला समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "तुझ्या झाडांवर औषध मारलंय तू. रोपं दिसायला चांगली हायत, पण त्यांच्याकडे कोणी जेवायला येत नाय." रोपवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या बाजूच्या बांगड्या बघायला लागले.

माझीही फजिती व्हायची होतीच. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. परागीभवनाचा धडा, फळ्यावर रंगीत खडूने काढलेली आकृती, माझी आकृती बघायला दुसऱ्या वर्गातल्या बाई यायच्या. हे मी मावशींना अभिमानाने सांगितलं. त्यांनी मला मांडवाखाली नेलं आणि म्हणाल्या, "कारल्याचं बाईफूल दाखव."

वर सगळी सारखीच पिवळी फुलं. मी एक दाखवलं.

"तो बाप्या."

दुसरं दाखवलं. तोही बाप्याच निघाला. तिसऱ्यांदा दाखवायचं धाडस झालं नाही. मग त्यांनी एक फूल हलकेच वर उचललं. पाकळ्यांच्या मागे नखाएवढं खरबरीत कारलं आधीपासून तयार होतं. "हे बघ. पोर पाठीशी घेऊनच फुलते. पण माशी आली नाय तर हे पिवळं पडतं आणि गळतं." कऱ्हाडची धरून सहा वर्षं मी तो धडा शिकवत होते आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला खरोखर शरम वाटली.

तिथेच मांडवाखाली त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा लहान असताना त्यांच्या नवऱ्याने कुणाचं तरी ऐकून वाडीत पंपाने औषध मारलं, भर सकाळी, फुलं उघडलेली असताना. संध्याकाळी भिंतीखाली माश्यांचा काळा थर पडला होता, तो त्यांनी सुपात भरला. पुढचे दोन पावसाळे भोक रिकामं. कारली धरत आणि बोटाएवढी होऊन गळत.

"दोन वर्षं मी बाप्याफूल हातात घेऊन फिरले. एकेका बाईफुलाला टेकवायचं. कंबर मोडायची. नवरा बांधावर उभा राहून बघायचा."

"काही म्हणाले नाहीत?"

"तो काय बोलणार? एक दिवस कुठून तरी निर्गुडीच्या फांद्या घेऊन आला आणि बांधाला लावून टाकल्या. कोणी सांगितलं असेल, माश्यांना आवडते म्हणून. मग एका उन्हाळ्यात आल्या परत. कुठून, ते मला माहीत नाय."

मावशींचा नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगा मस्कतला होता, एका कंपनीत सुपरवायझर. पोरगा गुणी, दर नाताळला घरी यायचा, आईसाठी ब्लँकेटं आणायचा, जी त्या वापरत नसत. त्याला जुनं घर पाडून बंगला बांधायचा होता. त्यात वावगं काही नव्हतं. कौलं गळत होती, वाशांना वाळवी लागली होती, आणि आईने म्हातारपणी ओलीत राहू नये असं कुठल्याही मुलाला वाटेल. पण बांधाकडे बघून तो म्हणायचा, "आई, हे जंगल एकदा जेसीबीने साफ करून टाकू. लॉन करू."

मावशींना घराची फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती बांधाची. "मी गेले की एका दिवसात साफ होईल," असं त्या मला पुन्हापुन्हा सांगायच्या, आवाजात रडकेपणा न आणता, उद्या बाजार बंद आहे असं सांगावं तसं. "त्याला रुई कुठली, तेरडा कुठला, काय कळत नाय. ज्याचं नाव माहीत नाय ते माणूस उपटून टाकतो."

आमच्या तिसऱ्या दिवाळीला माझ्या सासूबाई कऱ्हाडहून आल्या. मी शाळेत गेले होते. माश्यांचं त्यांना सांगायचं माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. त्यांनी सणासाठी घर आतून-बाहेरून आवरायला घेतलं, मागच्या भिंतीला भोक दिसलं, नळी दिसली, त्यांनी ती खराट्याने पाडली आणि ओल्या मातीचा गोळा थापून भोक लिंपून टाकलं. आमच्याकडे दिवाळीत भिंतीला भोक ठेवत नाहीत.

मी दुपारी आले तेव्हा मावशी भिंतीशी बसल्या होत्या आणि केसातल्या आकड्याने माती कोरत होत्या. सासूबाई बाजूला उभ्या, अपराधी आणि घुश्श्यात, दोन्ही. आता खोल्या जाणार, हा माझा पहिला विचार, आणि त्याची लाज वाटावी असा दुसरा विचार आलाच नाही. बऱ्याच वेळाने शेवटचा खडा निघाला. काहीच झालं नाही. मग एक माशी आली, भोकाच्या तोंडाशी थांबली. तिच्या मागून दुसरी.

मावशींनी आकडा लुगड्याला पुसून केसात खोचला आणि सासूबाईंना म्हणाल्या, "बसा. चहा घेता?"

त्या दोघी तिथे तासभर बसल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, कारण मी आत भांडी घासायच्या निमित्ताने लपले होते. दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्या तुळशीच्या मंजिऱ्या खुडत होत्या, रोज सकाळी खुडायच्या तशा.

"त्या कशाला काढता?" मावशींनी विचारलं.

"तुळशीच्या डोक्यावर भार राहू नये."

"भार उतरवायला येतात की माश्या-भुंगे सकाळी. थोडं थांबा, बघा."

सासूबाईंनी हात मागे घेतला. पुढे कऱ्हाडलाही त्या निम्म्या मंजिऱ्या ठेवायला लागल्या आणि विचारणाऱ्याला सांगत, वसईच्या माझ्या मैत्रिणीने सांगितलंय. दोन दिवसांत माश्यांनी नळी परत बांधायला घेतली.

आम्हांला फ्लॅट मिळाला, आम्ही गेलो. घर पाडायचं मात्र अडून राहिलं, कारण मावशी भिंतीवरून हटेनात. शेवटी मुलाने चर्चच्या फादरना मध्ये घातलं. फादर बंगल्याचा नकाशा घेऊन आले. मावशींनी त्यांना भोकासमोर बसवलं आणि पेला हातात दिला. फादर पेला रिकामा करून उठले आणि मुलाला म्हणाले, "घर बांध. पण तेवढी भिंत राहू दे."

तशीच राहिली. गुलाबी रंगाचा दुमजली बंगला उभा राहिला आणि त्याच्या मागे अंगणात एक सुटी जुनी भिंत, तिच्यावर पाऊस लागू नये म्हणून चार कौलं. येणारे-जाणारे विचारायचे, काम अर्धं राहिलंय का. मुलाने गवंड्याला बजावून सांगितलं होतं, भिंतीला धक्का लागू द्यायचा नाही. तो मस्कतची नोकरी सोडून कायमचा परतला होता, आणि आईचा शब्द त्याने मनापासून पाळला.

तोवर मावशींना काचबिंदूने गाठलं होतं. मी मधून मधून जायचे. दर वेळी त्यांना थोडं कमी दिसायचं. शेवटी उजेड आणि सावली एवढंच उरलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हा मी गेले, तेव्हाची गोष्ट. मावशी भिंतीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. मुलगा शेजारी उभा राहून सांगत होता, "आज खूप येतायत, आई. आता एक आत गेली. पायाला पिवळं लागलंय."

"कसलं असेल?"

"टाकळ्याचं. टाकळा फुललाय ना कोपऱ्यात."

"हां. मग टाकळ्याचंच," मावशी समाधानाने म्हणाल्या.

मी भोकाकडे पाहिलं. नळीच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जाळ्यावर बांधकामाची धूळ. किती तरी दिवसांत तिथून काही गेलं-आलं नव्हतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं, नको म्हणून मान अगदी जराशी हलवली आणि चहा सांगायला आत गेला.

"गेला?" मावशींनी विचारलं.

"हो."

"माश्या नायत, मला माहीत हाय." त्यांनी माझा हात चाचपून धरला. "मी रोज बोट लावते. त्या असल्या की मेण ताजं असतं, बोटाला चिकटतं. आता नुसतं कडक झालंय. तीन महिने झाले. हादरे किती बसले, त्या तरी काय करतील."

"त्याला सांगितलं का नाही?"

"कशाला? वेडी हायस काय?" त्या माझ्या बाजूला झुकल्या. "त्याला रोज सांगावं लागतं ना, कसलं पिवळं, कसलं पांढरं. मग सकाळी उठून बांधावर जातो, काय फुललंय ते बघून येतो. मला पावलं ऐकू येतात. आधी नुसतं 'फुलाचं' बोलायचा. आता टाकळा बोलतो, तेरडा बोलतो. चुकला तर मी विचारते, अरे तो आता कुठे फुलतो? मग दुसऱ्या दिवशी नीट बघून येतो." त्यांनी बांधाच्या दिशेने मान वळवली. "परवा मजूर आला होता बांध साफ करायला. ह्यानेच हाकलला त्याला."

"आणि हे असं किती दिवस चालवणार?"

"मी हाय तोवर. फादरला कुमसारात, पापं कबूल करताना, सांगितलंय, पोराचं खोटं खपवून घेते म्हणून. ते बोलले, ह्यात पाप कोणाचं ते त्यांनाच कळत नाय." मग हात आणखी घट्ट धरून म्हणाल्या, "तू बोलू नको त्याला."

नाही बोलणार, असं मी कबूल केलं. मुलगा चहा घेऊन आला, आम्ही तिघांनी तो घेतला, पाऊस, शाळा, माझ्या सासूबाईंचे गुडघे यांवर बोललो. मावशी मध्येच विचारत होत्या, "आता किती आल्या रे?" आणि तो सांगत होता. त्याचा आवाज एकदाच अडखळला.

निघाले तेव्हा तो फाटकापर्यंत सोडायला आला. बांधाजवळ थांबला. डोळे लाल झाले होते.

"टीचर, तुम्ही आईला काही बोलला नाहीत ना?"

"नाही."

"मी घर बांधायलाच नको होतं. तिला कळलं तर ती खचेल. तुम्ही प्लीज कधी बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हणाले. एकाच दुपारी मी दुसऱ्यांदा तेच वचन देत होते आणि दोन्ही मला पाळायची होती.

मी फाटक उघडलं. मागून त्याने पुन्हा हाक मारली. तो बांधावर वाकला होता, गुडघाभर उंचीची एक काडी त्याने न तोडता, नुसती हलकेच वाकवून धरली होती. तिच्या शेंड्याला गुलाबीसर पांढरा तुरा होता.

"टीचर, ह्याला काय म्हणतात? लहानपणी आई भाजी करायची ह्याची, नाव विसरलो. उद्या सांगायला पाहिजे."

"कुर्डू," मी सांगितलं.

"कुर्डू," तो म्हणाला. मग ते नाव तोंडातल्या तोंडात घोळवत आईकडे परत गेला.